मॉडरेटरच्या डाव्या हाताला

या मार्चच्या गावसभेत एल्विन टाट्रोने सभा चालवायचा लाकडी हातोडा टेबलावर ठेवला आणि आता दुसरे कुणी बघा, असे सांगितले. आमच्या पॅडॉक गावाचा वार्षिक अहवाल छापून घरोघर जातो. त्याचे पहिले पान दरवर्षी एखाद्या गावकऱ्याच्या नावे असते. यंदाचे पान एल्विनचे आहे आणि ते लिहायचे काम माझ्याकडे आले. पान एकच, त्यामुळे त्यात जे मावले नाही ते इथे लिहिते आहे. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर म्हणत, आभार मान हलवून मानू नयेत, पूर्ण वाक्यात मानावेत. मला एल्विनचे आभार मानायचे आहेत, आणि हॉलिस बॅजरचेही. ते एका वाक्यात होण्यासारखे नाहीत.

एल्विन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. टाट्रो आणि आम्ही एकाच चर्चचे. आजोबा सगळ्यांचेच सीमेपलीकडून, क्वेबेकमधून आलेले. शाळा सुटल्यावर तो दुधाचा टँकर चालवू लागला आणि निवृत्त होईपर्यंत तेच करीत राहिला. पहाटे निघायचा, गोठ्यागोठ्यावर दूध भरून घ्यायचा आणि खाली खोऱ्यातल्या डेअरीत नेऊन ओतायचा. हाडे गोठवणाऱ्या जानेवारीतसुद्धा त्याच्या बाजूची, म्हणजे डावीकडची, काच खाली असे. आधी सिगारेटसाठी, आणि सिगारेट सुटल्यावर सवयीने. माझे यजमान लूस्यां त्याला म्हणत, तुझी एक बाजू तरी ताजी राहील.

आधीचे मॉडरेटर आजारी पडले त्या वर्षी सभा चालवायला कुणाच्या नावावर एकमत होईना. एक वकील होता, तो कुणाला नको होता. शाळेचे हेडमास्तर होते, त्यांची पोरांनाच काय, पोरांच्या बापांनाही अजून भीती वाटे. मागून कुणीतरी एल्विनचे नाव घेतले. त्याचे कारण साधे होते. तो रोज गावातल्या प्रत्येक अंगणात जात होता आणि एका अंगणातली गोष्ट दुसऱ्या अंगणात सांगत नव्हता.

आमच्या सभेचा नियम असा की जे बोलायचे ते मॉडरेटरशी बोलायचे. शेजाऱ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, त्याचे नावही घ्यायचे नाही. एरवी एल्विनला अरे-तुरे करणारी माणसे हॉलच्या दारातून आत आली की ‘मॉडरेटरसाहेब’ म्हणू लागत. एका वर्षी मक्यात शिरलेल्या गाईंवरून दोन शेतकऱ्यांचे चांगलेच पेटले होते. पुढच्या बाकावरचा उठून म्हणाला, “मॉडरेटरसाहेब, माझ्या मागच्या गृहस्थांना विचाराल का, त्यांच्या गाईंना कुंपण कशाला म्हणतात ते माहीत आहे का?” मागचा तितक्याच अदबीने उठला. “मॉडरेटरसाहेब, पुढच्या गृहस्थांना सांगा, गाईंना माहीत आहे. कुंपणाचं काय ते माहीत नाही, ते दोन वर्षं आडवं पडलंय.” एल्विनने दोघांचे म्हणणे ऐकून घेतले आणि पुढचा विषय पुकारला. त्याची बायको नॉर्मासुद्धा सुटली नव्हती. सभा लांबली तशी ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, मॉडरेटरसाहेबांनी लवकर आवरलं नाही तर मॉडरेटरसाहेबांना बीन्स थंड मिळतील. यावर एल्विनने गंभीरपणे सांगितले की बाईंचे म्हणणे सभेने ऐकले, पण ते विषयपत्रिकेवर नाही.

बाहेरचे लोक या रीतीला हसतात. पण एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे त्या एका सकाळी एकमेकांशी बोलत, ती याच रीतीमुळे. मधे एल्विन असे आणि त्याच्याकडे जाईपर्यंत शब्दांचा कढ थोडा उतरत असे.

मतदान आम्ही आवाजाने करतो. हो म्हणणाऱ्यांनी एकदम हो म्हणायचे, मग नाही म्हणणाऱ्यांनी नाही. मॉडरेटर कानाने ठरवतो. “नाही जास्त दिसतात,” असे तो आधी म्हणतो आणि जरा थांबतो. त्या थांबण्यात कुणाही एका माणसाने “मोजणी” म्हटले तर मॉडरेटरला आवाज सोडून माणसे मोजावी लागतात. कुणी काही बोलले नाही तर तो “नाही जास्त आहेत,” असे म्हणून हातोडा मारतो, आणि विषय संपला. सगळे त्या थांबण्यावर असते.

हॉलमध्ये बसायच्या जागाही ठरलेल्या आहेत. पूर्वी शेगडी मॉडरेटरच्या डाव्या हाताला होती. किबी टेकडीवरचे लोक लांबून, बर्फातून येत, म्हणून ते शेगडीजवळ बसत. आम्ही गावातले उजव्या हाताला, कारण स्वयंपाकघराचे दार तिकडे होते आणि बायकांना जेवण वाढायला उठावे लागे. शेगडी गेली, पाइपातून उष्णता आली, पण जागा तशाच राहिल्या. पुढे कधीतरी असे झाले की टेकडीवाले एका पक्षाला मत देऊ लागले आणि गावातले, त्यात नवे येऊन राहिलेले, दुसऱ्याला. शेगडीने केलेली वाटणी पक्षांनी आयती घेतली.

हॉलिस बॅजर हा टेकडीवरचा दुधाच्या गाई पाळणारा शेवटचा शेतकरी. त्याच्या वरचे सगळे गोठे आता रिकामे आहेत. दर नोव्हेंबरात मतपत्रिका मोजायला दोन्ही पक्षांची माणसे जोडीने बसतात, म्हणजे कुणाला कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही. कित्येक वर्षे माझी जोडी हॉलिसबरोबर होती. एकाने नाव वाचायचे, दुसऱ्याने रेघ ओढायची, मग अदलाबदल. जे नाव ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडे तेही तो त्याच सपाट आवाजात वाचायचा, आणि मीही तसेच. टेबलावर राजकारण कधी निघाले नाही. त्याच्या थर्मासमधली कॉफी मात्र अर्धी माझी असे.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्यानंतर हॉलिसच्या गोठ्यातला रेडिओ आणि खिशातला फोन त्याला रोज एक गोष्ट सांगू लागले. दूरच्या शहरांत मतांच्या पेट्या कशा फिरवल्या, कुणी दारे कशी लावून घेतली, असे सगळे. मी त्याला विचारले, आपण दोघांनी मोजली ती मते?

“ती बरोबर आहेत, मिसेस लाफाउंटेन. मी इथलं म्हणत नाहीये,” तो म्हणाला. “तिथलं म्हणतोय.”

आमच्या उजव्या बाजूची गोष्ट वेगळी, पण तीही तितकीच घट्ट विणलेली. टेकडीवाल्यांना आता निवडणुकाच नको आहेत, त्यांच्या घरी बंदुका आहेत, अंधार पडल्यावर वर जाऊ नये. हे सांगणारी माणसे आदल्या उन्हाळ्यात हॉलिसच्या आईकडून अंडी घ्यायला दर शनिवारी वर जात होती, हे ती विसरली होती. बंदुका तेव्हाही त्याच खुंटीला होत्या.

असा तो मार्च आला. आदल्या वर्षीच्या पुरात किबीच्या ओढ्यावरचा पूल खचला होता आणि जड गाड्यांना बंद केला होता. दुधाचा टँकर, शाळेची बस, आगीचा बंब, सगळे लांबच्या वळणाने जात. त्या हिवाळ्यात हॉलिसच्या आईला न्यायला आलेली रुग्णवाहिकाही त्याच वळणाने आली. म्हातारी वाचली, पण अंगणात उभे राहून दिव्यांची वाट पाहिलेला तो वेळ हॉलिस विसरला नाही. नवा पूल बांधायचा ठराव त्याने आणला होता. घरपट्टी वाढणार होती, आणि थोड्याच घरांसाठी एवढा मोठा पूल हे आमच्या बाजूला पटत नव्हते. मलाही पटत नव्हते. विषय जेवणाच्या जरा आधी आला. माझे ‘नाही’ मी स्वयंपाकघराच्या दारातून दिले आणि हॅम कापायला परत वळले. ताटांच्या खणखणाटात पुढचे मला काही कळले नाही.

कळले ते एवढेच की हॉलिस टोपी घालून दाराबाहेर चालला होता आणि त्याच्या मागून टेकडीची सगळी बाके उठत होती. जेवणाआधी कुणी उठून गेलेले मी जन्मात पाहिले नव्हते. बीन्सची अख्खी भांडी उरली, गोडाची ताटे उरली. नॉर्मा ती झाकत होती आणि कुणाशी बोलत नव्हती.

झाले होते ते असे. एल्विन “नाही जास्त दिसतात” म्हणून थांबला, तेव्हा हॉलिस उभा राहून “मोजणी” म्हणून ओरडला होता, दोनदा. एल्विनने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही आणि हातोडा मारला. टेकडीवाले असे सांगत. आमच्या बाजूचे सांगत की तो हातोड्यानंतर ओरडला, आधी नाही. आणि एल्विनला दुकानात कुणी विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले की मोजणी कुणी मागितलीच नाही. हे तर दोन्ही बाजूंना खोटे वाटले. आमच्यातल्या काहींना ते सोयीचे खोटे वाटले, एवढाच फरक.

टेकडीवर आता एकच वाक्य होते. जे तिथे झाले तेच इथे झाले. माणूस ओरडून मोजणी मागतो आणि खुर्चीवरचा ऐकत नाही. हॉलिसला रेडिओची आता गरज उरली नाही, कारण त्याची स्वतःची गोष्ट त्याच्याजवळ होती. एका सकाळी एल्विनच्या टपालपेटीवर कुणीतरी काळ्या रंगाने एक शब्द लिहून ठेवला. नॉर्माने तो टर्पेंटाइनने पुसला. एल्विन म्हणाला, राहू दे, रंग चांगला आहे. पण त्या दिवसापासून तो दुकानात जाईनासा झाला. सगळ्या अंगणांतून फिरलेला माणूस स्वतःच्या अंगणात बसून राहिला.

सभेचा निर्णय फेरविचाराला आणायचा असेल तर पुरेशा मतदारांच्या सह्या लागतात. हॉलिसने त्या जमवायला घेतल्या. याच सुमारास मेपलच्या झाडांतून गोड रस वाहू लागला.

टाट्रोंचे मेपलचे गुऱ्हाळ आमच्या घरामागेच आहे. बाटल्या भरायला मी दरवर्षी जाते. त्या दुपारी काहिलीखाली लाकडे धडधडत होती, छपराच्या झडपेतून वाफ जात होती आणि एल्विन वाकून मळी काढत होता. नॉर्मा आणि मी पलीकडच्या बाकावर होतो. दार ढकलून हॉलिस आत आला. तो टोपी न काढता काहिलीच्या अलीकडे, एल्विनच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि बोलू लागला.

तो शिव्या देत नव्हता. त्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तो सांगत होता की माझ्या बापानं तुझ्या टँकरला दूध घातलं, मी घातलं, बर्फात तुझा टँकर अडकला तेव्हा माझ्या ट्रॅक्टरनं ओढला. पूल नको तर नको म्हण. पण मी उभा राहून ओरडतो आणि तू माझ्याकडे बघतही नाहीस, आणि वर दुकानात सांगतोस की कुणी बोललंच नाही. मी कुणीच नाही का?

एल्विन मळी काढत राहिला. त्याने मान वर केली नाही. हॉलिसचा चेहरा लाल झाला. मला वाटले, आता हा त्याच्या हातातला झारा हिसकावणार. मी उठलेही. पण हॉलिस एकाएकी थांबला. एल्विनच्या कानाकडे पाहत राहिला. मग काहीही न बोलता तो काहिलीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला.

एल्विनला समोरच्या वाफेत बूट दिसले. त्याने वर पाहिले.

“अरे, हॉलिस. कधी आलास?” तो म्हणाला, आणि जरा अवघडून, “डोनट घे. लोणचं नॉर्माकडे आहे.”

हॉलिसने डोनट घेतला. बर्फावर ओतलेला पाक आणि गोडावर उतारा म्हणून इथे खातात ती लोणच्याची आंबट काकडी त्याच्यापुढे आली, तीही त्याने उभ्या उभ्या खाल्ली. ज्यासाठी आला होता त्यातले एक अक्षर तो बोलला नाही. जाताना त्याने फक्त माझ्याकडे पाहिले, मोजणीच्या टेबलावर एखादी मतपत्रिका नीट वाचता येत नसली की पाहायचा तसे.

तो गेल्यावर एल्विनने विचारले, “किती वेळ उभा होता तो?”

मी सांगितले. तो बोलत होता हेही सांगितले, आणि काय ते. एल्विन लाकडांच्या ढिगावर बसला. काहील उतू जायला आली तेव्हा फेस खाली बसावा म्हणून नॉर्माने त्यात लोण्याचा तुकडा टाकला.

“म्हणजे तो ओरडला होता,” एल्विन म्हणाला.

“तीन वर्षं सांगतेय कान दाखव म्हणून,” नॉर्मा म्हणाली. “तर म्हणे बायको पुटपुटते.”

“मला वाटत होतं, तिकडची माणसं गप्प झालीत. रागावलीत म्हणून बोलत नाहीत.” त्याने झारा खाली ठेवला. “आणि मी खोटं बोललो नव्हतो गं.”

“नव्हतास,” नॉर्मा म्हणाली. “पण ते फक्त आपल्याला तिघांना माहीत आहे.”

तिघांना नाही, चौघांना. हॉलिसला कळले होते. सह्या पुऱ्या झाल्या होत्या, एप्रिलच्या एका शनिवारी सकाळी खास सभा भरायची होती, आणि मॉडरेटर अजून एल्विनच होता. हॉलिसने दुकानात तोंड उघडले असते तर एल्विनचे नाव खुर्चीवरून तिथल्या तिथे पुसले गेले असते. आम्ही रोज वाट पाहत होतो. काहीच ऐकू येत नव्हते.

एल्विनने आमच्या बाजूच्या प्राध्यापक लॅथ्रॉपना बोलावले, कारण ते कायदा जाणत. निवृत्त माणूस, सज्जन. त्यांनी सगळे ऐकून कळकळीने सल्ला दिला की कानाला यंत्र लावा आणि गप्प बसा. तुम्ही कबूल केलंत तर टेकडीवाले मागच्या तीन वर्षांचा प्रत्येक ठराव उकरून काढतील. आजकाल गोष्टी कशा पसरतात ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांच्या हातात कोलीत कशाला देता?

“मग त्यांची जी गोष्ट आहे तिला मी काय उत्तर देऊ?” एल्विनने विचारले.

लॅथ्रॉप म्हणाले, कुठलंच नको. आपोआप विझेल.

एल्विनने त्यांना पाकाची बाटली दिली, दारापर्यंत पोचवले, आणि परत येऊन म्हणाला की माणूस भला आहे, पण त्याने कधी टँकर चालवलेला नाही. दूध नासलंय हे झाकण उघडायच्या आधी सांगितलं तर एका शेतकऱ्याचं नासतं. न सांगता ओतलं तर सगळ्यांचं.

एप्रिलचा चिखल होता. हॉलच्या पायऱ्यांवर बुटांचे ढीग पडले होते. इतकी माणसे मी त्या हॉलमध्ये एकत्र पाहिली नव्हती. डावीकडे टेकडी, उजवीकडे गाव, आणि मधली वाट रिकामी. हॉलिसची आई पुढच्याच बाकावर होती, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन.

एल्विन उभा राहिला. त्याने हातोडा उचलला नाही. तो म्हणाला, “सभा सुरू व्हायच्या आधी मला सांगायचंय. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं बरं येतं, पण गर्दीत तेही कमीच. मार्चमध्ये मोजणी मागितली होती. हातोड्याच्या आधी मागितली होती. मला ऐकू आली नाही. मागितली नाही असं मी दुकानात सांगितलं ते चूक होतं. मी खुर्ची सोडतो. आजच्यापुरता दुसरा मॉडरेटर निवडा.” आणि तो खाली येऊन नॉर्माशेजारी बसला.

हॉलमध्ये कुजबुज उठली. टेकडीच्या बाकांवर लोक एकमेकांकडे पाहत होते. महिनाभर जपलेली गोष्ट एकदम हातातून निसटली की माणसांचे चेहरे होतात तसे त्यांचे झाले होते. आमच्या बाजूचेही काही फार वेगळे नव्हते.

गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या टाउन क्लार्कबाईंनी नावे मागितली. आमच्या बाजूने लॅथ्रॉपचे नाव आले. मग हॉलिस उठला.

“मॉडरेटरसाहेब,” तो सवयीने एल्विनकडेच वळून म्हणाला.

“मी आता मॉडरेटर नाही,” एल्विन बाकावरून म्हणाला. हॉलिस उजव्या अंगाने पुढे आला होता, त्यामुळे त्याला ऐकू आले होते.

“ते अजून ठरायचंय. मी एल्विन टाट्रोचं नाव सुचवतो.”

डावीकडून कुणीतरी ओरडले, अरे बाबा, बहिऱ्याला? हॉलिसने मागे वळून पाहिले नाही, नियमाप्रमाणे.

“क्लार्कबाई, दुसरं नाव आलंय त्या गृहस्थांचे दोन्ही कान चांगले आहेत. पण ते कुणाकडे लागलेले असतात ते मला माहीत नाही. एल्विनचा कुठला बिघडलाय ते मला माहीत आहे. आज त्यानंच सांगितलं. मी सांगायची वाट पाहत होतो, म्हणजे त्यानं सांगायची.” जरा हशा झाला. तो पुढे म्हणाला, “फक्त त्याच्या डाव्या हाताला एक माणूस उभा करा. तिकडचं ऐकून त्याला सांगायला.”

टेकडीच्या बाकांवरून आवाज आला की मग तूच राहा उभा.

“मी नको. मला पूल हवाय. माझा ‘हो’ मला मोठाच ऐकू येणार. पूल नको असलेलं कुणीतरी उभं करा.” आणि त्याने माझ्याकडे बोट केले. “मिसेस लाफाउंटेन. त्या ‘नाही’वाल्या आहेत. आमचा आवाज त्यांनी ऐकला असं त्याच म्हणाल्या, तर या हॉलमध्ये कुणाची काय हरकत राहील?”

लॅथ्रॉप लगेच उठले आणि त्यांनी आपले नाव मागे घेतले. ते चांगल्या मनाने घेतले, हे मला इथे नोंदवायचे आहे. एल्विन परत वर गेला. मी त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले.

इतकी वर्षे मी त्या सभांना जात होते, पण टेकडीची बाके समोरून कधी पाहिली नव्हती. चर्चा झाली. पूल, पट्टी, रुग्णवाहिका. टेकडीवरून कुणी उठले की मी एल्विनला सांगायची आणि तो त्यांच्याकडे पूर्ण वळून ऐकायचा. मग आवाजी मतदान आले. डावीकडून ‘हो’ आला, आणि त्या जाड आवाजांत हॉलिसच्या आईचा बारीक ‘हो’ मला वेगळा ऐकू आला. उजवीकडून ‘नाही’ आला.

“सांगता येत नाही,” मी एल्विनला म्हटले. “तिकडचं तुझ्या कानाला आलं असेल त्याहून पुष्कळ आहे.”

“नाही जास्त दिसतात,” एल्विन म्हणाला आणि थांबला. तो हॉलकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

हॉलिस ओरडला नाही. साध्या आवाजात म्हणाला, “मॉडरेटरसाहेब, मोजणी.”

“मोजणी मागितली आहे,” मी म्हटले.

“मोजणी मागितली आहे,” एल्विनने पूर्ण हॉलला सांगितले. “हो म्हणणारे या भिंतीला, नाही म्हणणारे त्या भिंतीला. म्हाताऱ्यांना हात द्या.”

बाके सरकली. एल्विन मला हळूच म्हणाला, तुलाही जायला हवं. मी टेकडीच्या बाकांसमोरून चालत ‘नाही’च्या भिंतीला जाऊन उभी राहिले. माझे मत बदलले नव्हते. हॉलिसने मान लववली, जणू अपेक्षा तीच होती. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाने दोन्ही भिंती मोजल्या.

ठराव सहा मतांनी पडला.

पूल पुढच्या वर्षी मंजूर झाला आणि तेव्हा मी ‘हो’च्या भिंतीला होते, पण ती गोष्ट वेगळी. एल्विन त्यानंतर यंदापर्यंत मॉडरेटर राहिला, आणि डाव्या हाताला कुणी उभे राहायचे हे दरवर्षी त्या त्या ठरावाला विरोध करणाऱ्यांतून ठरत गेले. टपालपेटीवर पुन्हा काही लिहिले गेले नाही. या सगळ्यासाठी मी कृतज्ञ आहे. पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती त्या शनिवारी मोजणीनंतरच्या दोन मिनिटांची.

एल्विनने आकडे वाचले, दोन्ही सारख्या आवाजात, आणि ठराव नामंजूर झाल्याचे सांगितले. सगळे हॉलिसकडे पाहत होते. मार्चमध्ये तो उठून गेला तेव्हाची बाके सगळ्यांना आठवत होती, आणि या वेळी तो गेला तर परत येणार नाही हेही कळत होते. हॉलिसने आईची घोंगडी नीट केली. मग उभा राहिला.

“मॉडरेटरसाहेब, पुढच्या मार्चला हाच ठराव मी परत आणणार आहे.”

“गृहस्थांचं म्हणणं आत्ता विषयाला धरून नाही,” एल्विन म्हणाला. “विषयपत्रिका संपली आहे. आता फक्त सभा संपवायचा ठराव मांडता येईल.”

“तर मग तोच मांडतो,” हॉलिस म्हणाला.

उजवीकडे कुणीतरी हसले, मग डावीकडे. अनुमोदन कोण देणार, असे एल्विनने विचारले. मी त्याच्या डाव्या हाताला परत येऊन पोचले होते. अनुमोदन मी दिले.

हो म्हणणाऱ्यांनी हो म्हणा, असे एल्विन म्हणाला, आणि दोन्ही बाजूंनी एकदम इतका मोठा आवाज आला की स्वयंपाकघरातून क्लार्कबाईंची मुलगी बाहेर डोकावली. एल्विनने ‘नाही’ विचारले आणि मान माझ्याकडे झुकवली.

“तिकडून कुणी?”

“कुणी नाही,” मी म्हटले.